हाताचे बोबडे बोल

चालू गिरनीचा खटका दुसऱ्या कुनी ओढलेला मला खपत न्हाई. दगडी पाळ्यांत गहू अर्धाच भरडून राहतो, पट्टा घसरतो, आन् पुन्हा सुरू करताना मोटर कन्हत बसते. माझा मालक जिता हुता तवा त्यालासुदिक मी हात लावू देत नव्हते. आन् त्या दिवशी भर दुपारी, बायकांचे डबे रांगेत लागलेले असताना, माझी सीमा मागच्या दारानं आली आन् तिनं सरळ खटका खाली ओढला.

"अगं ए भवाने!" मी वरडले. "गिरनी हाय का खेळनं?"

वरडून काय उपेग! सीमाला ऐकू येत न्हाई. जन्मापासनं न्हाई. माझी आख्खी हयात गिरनीच्या घरघरीत गेली, त्यामुळं मला हळू बोलताच येत न्हाई. आमच्या जुन्या बाजारात लोक म्हनत्यात, भागिरथीबाई घरात भांडली तरी छावनीतल्या शिपायाला कळतं. सगळ्या भिंगारला माझा आवाज ऐकू जातो. एकट्या माझ्या लेकीला जात न्हाई. आता याला हसायचं का रडायचं, तुमीच सांगा.

सीमाचं तोंड पांढरंफटक पडलं हुतं. तिनं मोबाईल माझ्या नाकाफुडं धरला. व्हिडिओ कॉल चालू हुता. तिकडं तिसगावात, तिच्या सासूच्या मांडीवर, माझी नात मैत्री बसलेली. नऊ म्हयन्याचं लेकरू. सासू साळूबाई हसून हसून तिला मोबाईल दाखवत हुत्या, आन् पोर नुसती टकाटका बघत हुती.

"बरी दिसती की," मी हातानं म्हनाले.

सीमानं जोरात मान हलवली. मग ती तिथंच, पिठाच्या फरशीवर, खाली बसली. दोन्ही तळहात आपल्या मांड्यांखाली घातले आन् त्यावर दाबून बसली. बसून माझ्याकडं बघत राहिली.

हे बसनं मला ठाऊक हुतं. सीमा लहान हुती तवा तिला एका मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घातलं हुतं. तिथल्या बाई सगळ्या पोरांना असंच हातावर बसवायच्या. का, तर हात मोकळे राहिले की पोरं हातानं बोलत्यात आन् मग तोंड उघडत न्हाईत. सीमा घरी यायची तवा तिच्या हाताच्या पाठीवर बाकड्याच्या फळ्यांचे वळ असायचे. तोंड काय तिचं उघडलं न्हाई. उलट जो काय बारीकसा आवाज काढत हुती, तोबी तिनं गिळून टाकला.

मी पुन्हा मोबाईलमधी बघितलं. लेकरू गळ्यापर्यंत दुपट्यात गुंडाळलेलं. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं घर, कपाळावर घामाचे थेंब, आन् अंगाला दुपटं! हात कुठंच दिसत नव्हते.

"इहीनबाई," मी मोबाईलमधी वरडले, "पोरीचे हात कुठं हायत?"

कॉल कट झाला.

आता जरा मागनं सांगते, म्हंजे तुमाला कळंल.

माझा जावई सम्राट, त्योबी ऐकू न येनारा. मूळचा तिसगावचा. भिंगारात एका दुकानात लष्कराचे कपडे शिवतो, आन् हात असा की शिवन उलटं करून बघितलं तरी सरळच वाटावं. लग्न झाल्यापासनं दोघं माझ्या गिरनीच्या मागच्या दोन खोल्यांत राहत्यात. साळूबाईंच्या मनात तेच सलत हुतं. एकुलता एक लेक, आन् तो सासूच्या दारात! मी एकदा चहाला बोलवलं तर म्हनाल्या, "येते की. आमचा लेकच तुमाला दिलाय, चहा तरी घेऊ द्या." बाईच्या जिभेला हाड न्हाई. माझ्याबी न्हाई म्हना.

ऐकू न येनाऱ्या मानसांची एक रीत हाय. ती परत्येक मानसाला आपलं म्हनून एक नाव देत्यात, तोंडाचं न्हाई, हाताचं. माझं नाव म्हंजे कोपरापासनं मनगटापर्यंत पीठ झटकायचं. सम्राटचं नाव म्हंजे सुईत दोरा ओवायचा. मैत्रीच्या गालाला खळी पडती, म्हनून तिचं नाव गालावर एक बोट. साळूबाईंचं नाव म्हंजे मिसरी लावल्यागत दातावर बोट घासायचं. हे त्यांना अजून ठाऊक न्हाई, आन् कुनी जाऊन सांगू बी नका.

मैत्री जन्मली तवा नगरला नेऊन तिचे कान तपासले. दोन्ही कान खडखडीत निघाले. साळूबाईंनी सगळ्या आळीला पेढे वाटले. तिसऱ्या म्हयन्यात पोर अगूं करायला लागली. लोकांना वाटलं, भागिरथी आता नाचंल. मी कोपऱ्यात जाऊन रडले. कारन माझी सीमाबी अगूं करत हुती हो! हे कुनाला सांगून पटत न्हाई. बहिरं लेकरूबी आधी अगूं करतं, हुंकार देतं, अगदी चारचौघांसारखं. मग दुसरी पोरं बाबाबा, दादादाला लागत्यात, आन् आपलं लेकरू मागं मागं राहतं. तवा कुठं आईला कळतं. मी त्यातनं गेलेली. त्यामुळं मैत्रीनं बाबाबा म्हनायच्या वयाला मी रोज तिच्या ओठांकडं बघत बसायची, दूध उतू जातंय का बघावं तशी.

शेवटी तिनं म्हनलं. एकदा लाइट गेली, गिरनी बंद पडली, सगळं सामसूम झालं, आन् मागच्या खोलीतनं आवाज आला, "बाबाबाबा." मी तशीच पिठाच्या हातानं पळाले. म्हनाले, "बाबाबा!" ती म्हनाली, "बाबाबा!" मग रोजचं झालं. लाइट गेली की आमचं गप्पांचं दुकान उघडायचं. बायका म्हनायच्या, भागिरथीबाई, दळन कवा मिळायचं? मी म्हनायची, लाइटवाल्याला इचारा, मी बोलतीय आता.

तरी जिवाला घोर हुताच. दिवसभर लेकरू आईबापाजवळ, आन् आईबाप गप. मी कानाच्या डॉक्टरनीला इचारलं. ती पोरगीच हुती, पन नीट बसवून सांगितलं तिनं. म्हनाली, आजी, लेकरू एकदम बोलत न्हाई. आधी गळ्यातनं आवाज काढून बघतं, मग ओठ मिटून उघडून बाबाबा करतं. त्याला अर्थ नसतो, ती तोंडाची मशागत असते. कुनीतरी उलटा आवाज दिला की लेकराला कळतं, अरे, मी काढलेला आवाज वाया जात न्हाई. मग ते आनखी काढतं. पुढं त्यातनंच शब्द उगवतात. आन् मैत्रीच्या घरात हातानं बोलतात, तर ती हाताचीबी मशागत करंल. तुमी तोंडानं उत्तर द्या, आई हातानं दील. दोन्ही पिकं येतील.

आन् तसंच झालं की! पोर पडल्या पडल्या हात हलवायला लागली. नुसते वाऱ्यावर न्हाई, एका लयीत. बोटं मिटायची, उघडायची, थांबायची, आईकडं बघायची. सीमा लगेच तिच्यासारखंच करून दाखवायची. मग पोर खिदळायची. आईनं हाताला हात दिला, मी आवाजाला आवाज दिला. मी म्हनाले, चला, सुटलो.

कुठलं सुटलो!

भीमजयंतीला साळूबाई भिंगारला आल्या. मी गिरनीत, सम्राट दुकानात. सीमा चुलीकडं तोंड करून भाकरी थापत हुती आन् मैत्री तिच्या पाठीमागं सतरंजीवर. पोरीनं बाबाबा केलं. दोनदा, तीनदा. सीमाला कसं कळनार? साळूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत हुत्या. मग पोरीनं तोंड मिटलं, सरकत सरकत आईच्या समोर गेली, आन् मूठ आवळली, सोडली, आवळली, सोडली. सीमानं बघितलं, हसली, हात पुसले आन् लेकराला उचलून पाजायला घेतलं.

साळूबाई धावतच गिरनीत आल्या. डोळ्यांत पानी. "इहीनबाई, लेकरानं हाका मारल्या, आन् आईला पत्ता न्हाई! शेवटी गप बसलं बिचारं. हातवारं कराया लागलं! दोन मुक्यांच्या घरात तिसरं मुकं तयार व्हायलंय, आन् तुमी दळान दळताय!"

मी डॉक्टरनीचं सगळं सांगितलं. त्या म्हनाल्या, "डाक्टरला काय जातंय? मी भोगलंय. सम्राटच्या तोंडून 'आई' ऐकायला माजं कान झुरलं. सगळ्या गावानं मला मुक्याची आई म्हनून हाक मारली. आता हिच्या तोंडून 'आजी' तरी ऐकू द्या. म्हयनाभर तिसगावला न्हेते. आमच्या घरात बोलनारी मानसं हायत, आळीत लेकरं हायत. बोलायला लागली की आनून देते. नवव्या म्हयन्याला वरचं दूध चालतं, दारात शेळी हाय."

मी तोंडाला तोंड दिलं असतं. पन त्या रडत हुत्या, आन् माझ्या मनातलं जुनं भ्या त्यांच्या तोंडून बाहेर पडत हुतं. सम्राटनं कधी आईचा शब्द मोडला न्हाई, त्यानं मान डोलवली. सीमानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. झालं. दुसऱ्या दिवशी पोर तिसगावला गेली.

पहिले दिवस सीमा मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. डोळे कोरडे, छाती ओली. मग हळूहळू तिचं मोरीत जानं थांबलं. रोज दुपारी व्हिडिओ कॉल. आधी मैत्री मोबाईलमधी आईला बघून दोन्ही हातांनी नुसता गोंधळ घालायची. मग कमी झालं. मग ते दुपटं आलं. आन् त्या दिवशी सीमानं खटका ओढला.

आमी तशीच निघालो. सम्राटला दुकानातनं उठवलं, मापाची फीत त्याच्या गळ्यात तशीच. भिंगारच्या नाक्यावर पाथर्डीची एष्टी धरली. गाडीत मी सम्राटला खुनेनं सांगत हुते आन् त्याला ते खरं वाटत नव्हतं. माझी आई असं करनार न्हाई, असं तो पुन्हा पुन्हा म्हनत हुता. सीमा खिडकीकडं तोंड करून बसलेली. करंजीच्या घाटात गाडी वळली तसा तिचा हात माझ्या मनगटावर आला, आन् तिसगाव येईपर्यंत तिनं तो सोडला न्हाई.

साळूबाईंचं घर बाजारतळाच्या मागं. ओसरीवर व्याही बन्सीदादा डोक्याला हात लावून बसले हुते. आमाला बघून उठले, "जयभीम," म्हनाले, आन् लगेच, "मी सांगत हुतो तिला," म्हनाले. आत साळूबाई मैत्रीफुडं बसलेल्या. मोबाईलवर कसलीशी बालगीतं चालू, आन् साळूबाई पोरीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हनत हुत्या, "बोल. आ-जी. आ-जी. बोल की गं माजी बाय."

पोर दुपट्यात. त्यावरनं सुती साडीची पट्टी गुंडाळलेली. अगं आई गं! माझं रक्त उकळलं.

"सोडा," मी म्हनाले.

"सोडते की. सांजच्याला रोज सोडते," साळूबाई घाबऱ्या झाल्या. "न्हाई म्हंजे, इहीनबाई, तिला आकडीवानी व्हायला लागलं हुतं. मूट आवळायची, सोडायची, आवळायची, सोडायची. आन् मंग रडायची. शेजारची बनुबाई म्हनली, डावखुऱ्या लेकराचा डावा हात बांदला की ते उजव्यानं जेवाया लागतं. तसं हात बांदलं की तोंड उगडंल."

"मग उघडलं का?"

साळूबाई बारीक आवाजात म्हनाल्या, "आल्यावर बाबाबा तरी करायची. आता तेबी न्हाई."

तवर सीमानं पट्टी सोडली हुती. दुपटं बाजूला केलं. मैत्रीच्या दंडावर घामोळं उठलेलं, हात लालबुंद. सीमानं तिला मांडीवर घेतलं, तिच्या गालावर बोट टेकवलं. मैत्री. मग स्वतःच्या हातानं बोटं मिटली, उघडली, जशी रोज करायची तशी. मिटली, उघडली, थांबली. पोर आईच्या तोंडाकडं बघत हुती. हात अंगाच्या बाजूला तसेच पडलेले. सीमानं पुन्हा केलं. पुन्हा केलं. हात हलले न्हाईत.

मी म्हनाले, "बाबाबा." माझ्या तोंडून नीट निघालं न्हाई. पुन्हा म्हनाले, "मैत्रे, बाबाबा!" पोरीनं नुसतं बघितलं. ते बघनं मला ठाऊक हुतं. तीस वर्सांमागं सीमानं माझ्याकडं तसंच बघितलं हुतं. पन तिचे कान नव्हते हो! हिचे कान खडखडीत हायत, हात धडधाकट हायत, आन् तरी ही गप हुती.

"असं काय बघताय माज्याकडं?" साळूबाईंचा आवाज चढला. "मी काय दुस्मान हाय तिची? तुमी तिला हातवारं शिकवून मुकी करनार, आन् मी बघत बसू? एक लेक गेला माजा तसा, नात जाऊ देनार न्हाई. ती हितंच ऱ्हाईल!"

सीमाला शब्द ऐकू गेले न्हाईत, पन तिनं लेकराला छातीशी असं आवळलं की तिला सगळं कळलंय हे दिसत हुतं. मी पदर खोचला. आता व्हायचं ते होऊ दे, म्हनाले मनात.

पन सम्राट मधी आला. तो इतका वेळ दारात उभा राहून ती साडीची पट्टी बघत हुता. त्यानं ती उचलली. आईफुडं गेला, गुडघ्यावर बसला. पट्टी तिच्या मांडीवर ठेवली. मग आपली दोन्ही मनगटं जवळ जवळ धरून तिच्याफुडं केली.

बांध, म्हनत हुता तो. माझेबी बांध.

कुनाला काय समजवून सांगायची गरज पडली न्हाई. साळूबाईंनी ती मनगटं बघितली. त्याच हातांनी शिवलेलं पोलकं त्यांच्या अंगात हुतं. त्याच हातांनी तो लहानपनापासनं आईला भूक, ताप, भ्या, सगळं सांगत आला हुता. त्यांनी पट्टी ढकलून दिली आन् त्याचे हात धरायला गेल्या. सम्राटनं हात मागं घेतले. आयुष्यात पहिल्यांदा घेतले असतील.

"मला कळलं न्हाई रं," त्या त्याला म्हनाल्या. त्यालाच, तोंडानं. "मला काय कळलं न्हाई."

माझा राग तवाबी उतरला नव्हता, खोटं कशाला बोलू. मी इचारलं, "मूठ आवळायची आन् सोडायची, ते कवा करायची पोर? कुठल्या वक्ताला?"

"सकाळच्याला. दुपारच्याला. भुकेच्या वक्ताला," साळूबाई म्हनाल्या. "शेळीची धार काडायच्या आदी."

"धार कशी काढता?"

"आता कशी म्हंजे?"

"हातानं दाखवा. शेळी न्हाई असं समजा, आन् धार काढा."

साळूबाईंनी माझ्याकडं येड्यागत बघितलं. मग हात फुडं केला. मूठ आवळली. सोडली. आवळली. सोडली.

आन् तिथंच थांबल्या. हात तसाच हवेत. त्या आपल्या हाताकडं बघत हुत्या, जसा काय तो दुसऱ्याच बाईचा हात हाय.

"ती दूध मागत हुती, इहीनबाई," मी म्हनाले. "तिची आई तिला असंच इचारायची, दूध पायजे का. हा तिचा पहिला शब्द हुता. तुमी शब्दाची वाट बघत बसला, आन् तो आला तवा तुमी तिचं तोंड बांधलं."

बन्सीदादा ओसरीवरनं उठून बाहेर गेले. साळूबाई उठल्या, परसात गेल्या. शेळी वरडली. जरा वेळानं वाटीत दूध घेऊन आल्या, कोमट करून. एका हातात वाटी, आन् दुसऱ्या हाताची मूठ आवळत, सोडत, आवळत, सोडत, लेकराजवळ आल्या. डोळ्यांतनं धारा लागलेल्या. "घे माजी बाय. दूध. बग, आजीला कळलं. दूध."

मैत्रीनं ती मूठ बघितली. आन् मग, तुमाला सांगते, आईच्या मांडीवर बसल्या बसल्या तिनं आपले दोन्ही हात पोटाशी ओढले, झबल्याच्या आत घातले, आन् लपवले.

साळूबाईंच्या हातातली वाटी मी धरली म्हनून सांडली न्हाई. तवा कुठं माझा राग गेला, आन् त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट हुतं. त्या बाईला आयुष्यभर एकच पायजे हुतं, लेकरानं आपल्याला काहीतरी म्हनावं. लेकरानं म्हनलं हुतं. आता ते कधी म्हनंल का न्हाई, कुनाला ठाऊक.

निघताना त्यांनी अडवलं न्हाई. शेळीचं दूध बाटलीत भरून माझ्या पिशवीत ठेवलं. दारात उभ्या राहून म्हनाल्या, "इहीनबाई, मी आले तर चालंल का? मला शिकवाल का, ते हाताचं?"

"या," मी म्हनाले.

परतीच्या एष्टीत गर्दी हुती. तरी एकानं उठून सीमाला खिडकीची जागा दिली. मैत्री तिच्या मांडीवर झोपली, हात अजून झबल्यातच. मी दर दोन मिनटांनी त्या झबल्याकडं बघत हुते. सीमा एकटक बघत हुती. घाटाच्या वळनावर गाडी हेलकावली आन् पोर जागी झाली.

रडली न्हाई. तिनं मान वळवली. आधी तिकिटं फाडनाऱ्या कंडक्टरकडं बघितलं. मग मागच्या सीटवरच्या बाईकडं. मग माझ्याकडं, लई वेळ. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं, नुसती पापनी किलकिली ठेवून. तवा कुठं झबल्यातनं एक हात बाहेर आला. पोटाशीच धरून, खाली, कुनाला दिसू नये असा. मूठ आवळली, सोडली. एकदाच. आन् हात पुन्हा आत.

नऊ म्हयन्याचं लेकरू. दूध मागायच्या आधी कोन बघत तर न्हाई ना, ते बघत हुतं.

आख्ख्या भिंगारला ऐकू जानारा माझा आवाज त्या गाडीत फुटला न्हाई. मी पिशवीतनं बाटली काढली आन् सीमाफुडं धरली. सीमानं ती बाजूला सारली. तिनं मैत्रीच्या डोळ्यांफुडं आपला हात उंच धरला, सगळ्या गाडीला दिसंल असा, आन् मूठ आवळली, सोडली, आवळली, सोडली. व्हय. दूध. कळलं मला.

तिचं दूध कवाच आटलं हुतं. तरी तिनं ओढनी फुडं घेतली आन् लेकराला छातीशी लावलं. सम्राट उठला, लोकांकडं पाठ करून दोघींच्या आड उभा राहिला, आन् भिंगार येईपर्यंत बसला न्हाई.